ओढा म्हणतो, थांब

प्रिय भिंगरी,

अक्षर पाहून घाबरू नकोस. हात चांगला चालतोय, पण कागदाखालची फळी मांडीवरून घसरते आणि ओळी उताराला लागतात. घाईबाईंनी पाठीशी उशा लावून मला बसवलंय आणि त्या स्वतः स्वयंपाकघरात भांड्यांशी भांडतायत. तू त्यांना माझ्याजवळ ठेवून गेलीस तेव्हा त्यांचं खरं नाव सांगितलं होतंस, पण मी मनात त्यांना घाईबाईच म्हणते. आधीचा घास गिळायच्या आत पुढचा तोंडापाशी हजर असतो. माणूस मात्र लाख आहे, काळजी करू नकोस. परवा फोनवर तू त्या संग्रहालयाचं सांगितलंस, त्याबद्दल मला लिहायचंय. त्यांना काही कळवण्याआधी हे पत्र तुझ्या हाती पडायला हवं. पण मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही, ते तुला ठाऊक आहे. थोडं इकडचं तिकडचं वाचावं लागेल.

माझ्या खोलीत तू उभं केलेलं रान तू सोडून गेलीस तसंच आहे. सकाळी तुझा दिवा पिवळा होतो, मग पांढरा, संध्याकाळी निळा. छताला टांगलेली वाळकी पानं छोट्या पंख्यांच्या वाऱ्याने सळसळतात. एक दोरा तुटला आणि त्यावरची पानं माझ्या पांघरुणावर पडली, ती घाईबाईंनी केर समजून टाकून दिली. ओरडू नकोस त्यांना, तो केर कलेत मोडतो हे त्या बिचारीला कोण सांगणार? धुक्याच्या यंत्रात पाणी भरायला त्या विसरत नाहीत. तुझ्या बाबांचा मेण लावून ताठ केलेला रेनकोट दाराशी तसाच उभा आहे, आत माणूस नाही एवढंच. मी रोज एकदा त्याच्याकडे बघून मान हलवते. एवढी वर्षं संसार केला, ओळख दाखवायला नको? आणि ओढा वाहतोय. उजाडल्यापासून दिवा निळा होईपर्यंत, चारही कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून, दुथडी भरून वाहतोय.

तू नसलीस तरी तुझी माणसं येतातच. दाराबाहेर चपला काढतात, माझ्या पलंगावर टांगलेल्या, पानांच्या रसात रंगवलेल्या त्या कापडावर तू भरलेली अक्षरं दारातूनच वाचतात, 'ओढा म्हणतो, थांब', आणि आत येऊन खरंच थांबतात. एक मुलगी प्लास्टरच्या दगडांवर बसून हमसून हमसून रडली, म्हणाली, मला माझं लहानपण भेटलं. तो दाढीवाला समीक्षक मात्र बराच वेळ माझ्याकडेच निरखून बघत राहिला. मी शिंकले तसा तो उडालाच. मग हळू आवाजात त्याने तुझ्या विद्यार्थिनीला विचारलं, की आजी पण मांडणशिल्पाचा भाग आहेत का? तिने त्याला असा फाडून खाल्ला की विचारू नकोस. मला हसू आवरेना, पण माझं हसू आता एकाच गालावर येतं, त्यामुळे त्याला वाटलं आजी दुखावल्या, आणि तो माफी मागत मागत गेला. खरं सांगू? त्याचं काही फार चुकलं नव्हतं. रेनकोटही कुणीतरी ठेवलाय तिथे उभा आहे, आणि मीही.

झटका आल्यापासून डावी बाजू गेली त्याचं मला तितकंसं वाईट वाटत नाही. जीभ गेली त्याचं वाटतं. डोक्यात वाक्य कसं खणखणीत तयार होतं, आणि ओठांपाशी येऊन त्याचा चिखल होतो. मग समोरचा माणूस अंदाज बांधतो. घाईबाई अंदाजाने पाणी देतात, डॉक्टर अंदाजाने मान डोलावतात, आणि तू अंदाज बांधतेस तो सगळ्यांत जास्त प्रेमाने. त्यामुळे तो मोडायचं धैर्य होत नाही. तुला वाटेल, लिहिता येत होतं तर लिहायचं होतंस. लिहिलं होतं ग. पाटीवर मोठ्या अक्षरांत 'खिडकी' एवढंच लिहून मी ती तुझ्यासमोर धरली होती. तुझा चेहरा उजळला. म्हणालीस, आई, हे माझ्या कसं लक्षात आलं नाही! आणि कामाला लागलीस. आठवडाभर खपून तू झाडांच्या साली चिकटवलेल्या भिंतीत एक चौकट बसवलीस, तिच्यात पडदा, आणि पडद्यावर डोंगरावरचं पहाटेचं धुकं, हलणारं. खिडकी मागितली आणि खिडकी मिळाली. तुझ्या डोळ्यांत इतका आनंद होता की मी पाटी पुसून टाकली.

मला ती दुसरी खिडकी हवी होती. खरी. त्या सालींच्या भिंतीमागे आहे ती, रस्त्याकडची.

इस्पितळातून तू मला इथे आणलंस तेव्हा या खोलीत पलंग, कपाट आणि ती खिडकी, एवढंच होतं. पलंग तू खिडकीला लावलास, मला उजेड मिळावा म्हणून. तुला कल्पना नाही तू मला काय दिलं होतंस. समोर सलून, शेजारी किल्ल्या करून देणारा, पलीकडे बसथांबा. मी सगळ्यांना नावं ठेवली होती, दोन्ही अर्थांनी. एक होते छत्रीमहाराज, कडकडीत उन्हातही छत्री मिटलेलीच, आणि पाऊस आला की पळत सुटायचे. एक नवरा-बायको बसथांब्यावर रोज कडाकडा भांडायची, आणि बस आली की तो तिची पिशवी घ्यायचा. सलूनवाला गिऱ्हाईक नसलं की स्वतःच्याच खुर्चीत बसायचा, आरशात बघून भांग पाडायचा, परत विस्कटायचा, परत पाडायचा. किल्लीवाल्याकडे रोज कुणीतरी घराबाहेर अडकलेलं माणूस यायचं आणि रडकुंडीला येऊन उभं राहायचं. मी वरून त्यांना मनातल्या मनात उपाय सुचवायचे. सबंध दिवस कसा जायचा कळायचं नाही. हॉर्न, शटर, कुणाची तरी हाक, कुणाचं तरी खोकणं. मला सगळं हवं होतं.

आणि मग एका संध्याकाळी तू कामावरून आलीस, आणि मी खिडकीत बसून रडत होते. तू दारातच थांबलीस. मग येऊन माझं डोकं छातीशी धरलंस आणि म्हणालीस, तुला डोंगर आठवतो ना आई, या गोंगाटात तुझा जीव गुदमरतो ना? मी सांगायला तोंड उघडलं आणि चिखल झाला. दुसऱ्याच दिवसापासून तू सुरू केलंस. सुट्ट्या काढून डोंगरावर गेलीस, गळून पडलेल्या साली पोत्यांनी आणल्यास, ओढ्यातल्या दगडांचे साचे काढलेस, पाण्याचा आवाज भरून आणलास. सुताराने खिडकीवर फळ्या मारल्या, तू त्यावर एकेक साल चिकटवत गेलीस. तुझी बोटं फाटली होती, तू त्यांना चिकटपट्ट्या लावून काम करायचीस आणि मधूनच माझ्याकडे वळून हसायचीस. शेवटची साल लागली तेव्हा सलूनवाल्याचा दिवा दिसेनासा झाला. मी पलंगावर पडून ते बघत होते. आपल्यावर इतकं जीव ओतून प्रेम करणाऱ्या मुलीला काय म्हणायचं, हे मी तेव्हा चालती-बोलती असते तरी मला सुचलं नसतं.

आता डोंगराचं सांगते. तुला तो ठाऊक आहे, पण तुझा तो डोंगर वेगळा होता आणि माझा वेगळा. तुझ्या आजोबांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान भर बाजारात होतं आणि आम्ही वरच्या खोलीत राहायचो, हे तुला माहीत आहे. हे माहीत नसेल की पावलांच्या आवाजावरून जिना कोण चढतंय ते मी सांगायचे, आणि खाली रस्त्यावर भांडण लागलं की आजोबा भिंग डोळ्याला लावूनच मला वर हाक मारायचे, जा बघ, कोण जिंकतंय. त्या घरातून मी तुझ्या बाबांशी लग्न करून वनखात्याच्या त्या चौकीवर आले. आल्या संध्याकाळी मी विचारलं, शेजारी कुठे राहतात? त्यांनी समोरच्या डोंगराकडे बोट दाखवलं. त्या डोंगरामागे, म्हणाले. मला वाटलं थट्टा करतायत. माणूस वाईट नव्हता ग, जन्मात कधी आवाज चढवला नाही. पण बोलायचा झाडांइतकंच. सकाळी रानात जायचा तो दिवस मावळताना यायचा, आणि मधला सगळा दिवस माझ्या अंगावर पडायचा. मी भांडी मुद्दाम आपटायचे, काहीतरी आवाज व्हावा म्हणून. घाईबाईंना मी नावं ठेवते, पण त्यांची आपटाआपट ऐकली की मला बरं वाटतं.

खाली जायची वाट एकच, आणि ती ओढ्यातून. कोरड्या दिवसांत दगडांवर पाय टाकत पलीकडे जाता यायचं. पावसात ओढा भरला की वाट बंद. मग चौकी, आम्ही आणि पाणी. मला आवाजावरून कळायचं. अंथरुणातूनच कळायचं की आज खळखळ आहे, आज जाता येईल, किंवा आज तो घुमणारा आवाज आहे, आज नाही. तू जो आवाज भरून आणलास ना, तो घुमणारा आहे. भर पावसात गेली होतीस, तुला तोच सगळ्यांत सुंदर वाटला असणार, आणि येणारे लोकही डोळे मिटून तो ऐकतात. मी मात्र रोज उजाडताना जागी होते आणि पहिला विचार येतो, की आज वाट बंद आहे.

तू झालीस आणि तुलाही त्या आवाजाची भीती वाटायला लागली. पाणी वाढलं की माझ्या पदराखाली शिरायचीस. मीच भ्यालेली, तुला काय धीर देणार? पण तुला ती भीती लागू द्यायची नाही, एवढं मी ठरवलं होतं. म्हणून मग ओढ्याला बोलतं केलं. आज ओढा काय म्हणतो? म्हणतो, भिंगरीने दूध प्यायलं का? म्हणतो, वरच्या खडकाशी माझं भांडण झालंय. झाडांना नाती लावली, धुक्याला घर दिलं, छपरावरच्या पावसाला ढोल वाजवायला बसवलं. तू हसायला लागलीस, मग ऐकायला लागलीस, मग चित्रं काढायला लागलीस. तुझ्या त्या मोठमोठ्या मुलाखती मी वाचते, त्यात तू म्हणतेस की आईला निसर्गाची भाषा येत होती. मला कसली भाषा येते! एका घाबरलेल्या बाईने एका घाबरलेल्या पोरीसाठी जी मिळेल ती वस्तू घेऊन एक जागा उभी केली होती. तुमच्यात याला मांडणशिल्पच म्हणतात ना? मग पहिलं मी केलं म्हण. लुटुपुटूचं होतं, पण तू त्यात राहिलीस आणि मोठी झालीस, याचं मला अजून नवल वाटतं आणि अभिमानही.

'ओढा म्हणतो, थांब' कुठून आलं ते तुला आठवत नसेल. तू अगदी लहान होतीस, माझ्या कडेवर. खालून निरोप आला होता की आजोबांचं काही खरं नाही, त्यांनी माझं नाव घेतलंय. निरोप आणणारा पलीकडच्या काठावरूनच ओरडून सांगून गेला, कारण पाणी चढलं होतं. मी पिशवी भरून काठावर उभी. तुझ्या बाबांनी माझा दंड घट्ट धरून ठेवला होता, आणि त्यांचं बरोबर होतं, त्या दिवशी उतरले असते तर तुला घेऊन वाहून गेले असते. तू माझी हनुवटी धरून विचारलंस, आई, आज ओढा काय म्हणतो? काहीतरी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, ओढा म्हणतो, थांब. तुला ते फार आवडलं. दिवसभर थांब, थांब म्हणत नाचत होतीस. पाणी उतरून मी खाली पोचले तेव्हा दुकानाला कुलूप होतं आणि आजोबा गेलेले होते. तुला मी हे कधी सांगितलं नाही आणि आताही तू मनाला लावून घ्यायचं नाही. पोराला काठावर उभं करून असलं काही सांगायचं नसतं. पण मी त्या अक्षरांखाली झोपते, आणि लोक त्यांचे फोटो काढतात.

आता त्या संध्याकाळचं रडणं. सलूनवाला दुकान बंद करत होता. शटर अर्ध्यावर आणून त्याने सहज वर पाहिलं, मी दिसले, आणि त्याने हात केला. जसा ओळखीच्या माणसाला करतात ना, तसा. मी उजवा हात वर केला. तो हसला, शटर ओढलं आणि गेला. एवढंच झालं. पण त्या डोंगरावरच्या सगळ्या वर्षांत रस्त्यावरून कुणी वर बघून मला हात केला नव्हता, कारण रस्ताच नव्हता. मला वाटलं मी पुन्हा बाजारातल्या वरच्या खोलीत आले, आजोबा आत्ता खालून विचारतील, कोण जिंकतंय. मला इतका आनंद झाला की तो अंगात मावेना, आणि या मेल्या एका बाजूच्या तोंडाला हसणं जमेना, म्हणून तो डोळ्यांतून आला. तेवढ्यात दारात तू उभी होतीस.

आता मुद्दा. परवा तू फोनवर म्हणालीस की संग्रहालयाला ही खोली हवी आहे, जशीच्या तशी, कायमची, वेगळं दालन बांधून देणार आहेत, आणि तुला त्यांना नाही कळवायचंय, कारण आईपाशी एवढंच रान उरलंय ते तिच्याकडून कसं काढून घेऊ? मी इकडे जिवाच्या आकांताने नको नको म्हणत होते आणि तोंडातून नुसता घोगरा आवाज आणि हुंदके. तू म्हणालीस, रडू नकोस आई, तुझं रान कुठे जात नाही. माझं रडणं ओळखायला दुसऱ्यांदा चुकलीस ग भिंगरी. ने ते. साली, दगड, पानं, बाबांचा रेनकोट, ती अक्षरं, सगळं ने आणि मोठ्या दालनात उभं कर, लोकांना बघू दे तू काय केलंयस ते. ते फार सुंदर आहे, आणि ते तुझं आहे, ते मी तुला तेव्हाच देऊन टाकलं होतं. माझ्यासाठी तुझ्या आयुष्यातली ही संधी घालवलीस तर आपण दोघी एकमेकींच्या मायेने या खोलीत कोंडून मरू. तू हो म्हण, घाईबाई त्याच दिवशी सुताराला बोलावतील, तो खिडकीवरचा भाग आधी जपून उतरवेल. रविवारी तुझा फोन येईल. बोलायला शिकवायला येतात त्या बाई म्हणतात, एक सोपा शब्द निवडा आणि दिवसभर घोटा. मी 'ने' निवडलाय, आणि ओढ्याच्या आवाजात तो कुणाला ऐकू जात नाही, त्यामुळे लाजायचं कारण नाही. फोनवर मी रडले तर रडू दे, तू फक्त तो शब्द ऐक. आणि घरी येशील तेव्हा लगेच जिना चढू नकोस. सलूनसमोर जरा उभी राहा आणि वर बघ. मी हात करीन.

तुझीच,
खिडकीतली आई